कोर्लई : एक ग्रामीण चर्च, त्याचा समाज आणि त्याची बोली

प्रस्तावना

अलिबागहून दक्षिणेकडे जाणारा रस्ता चौल व रेवदंडा मागे टाकतो, कुंडलिका नदीच्या मुखाजवळील पूल ओलांडून साळावला येतो आणि तेथून मुरूडच्या दिशेने वळतो. या रस्त्यावर थोडे अंतर गेल्यावर समुद्रात शिरलेली एक उंच डोंगरसोंड दिसू लागते. सोंडेच्या माथ्यावर कोर्लईचा किल्ला आहे आणि पायथ्याशी त्याच नावाचे गाव. गावात मासेमारी करणाऱ्या कोळी समाजाची वस्ती आहे, तशीच रोमन कॅथलिक ख्रिस्ती कुटुंबांचीही वस्ती आहे. ख्रिस्ती वस्तीचे केंद्र म्हणजे माउंट कार्मेलच्या मातेचे चर्च. या वस्तीत घरोघरी जी बोली बोलली जाते ती मराठी नाही, कोकणी नाही आणि लिस्बनमधील पोर्तुगीजही नाही. तिचा शब्दसंग्रह बहुतांशी पोर्तुगीज आहे, परंतु वाक्याची ठेवण पुष्कळ अंशी मराठी आहे. बोलणारे तिला ‘नॉ लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, असे म्हणतात. भाषाशास्त्राच्या ग्रंथांतून ती कोर्लई क्रेओल पोर्तुगीज या नावाने ओळखली जाते. तिच्या भाषकांची संख्या हजाराच्या आतबाहेर आहे.

पोर्तुगीजांची या भागातील सत्ता इ. स. १७४० मध्ये संपुष्टात आली. त्यानंतर पेशवाई आली आणि गेली, इंग्रजी अंमल आला आणि गेला. राज्यकर्त्यांच्या पाठबळावाचून, लिपीवाचून आणि साहित्यावाचून ही बोली पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ एका खेड्यात कशी टिकली, हा प्रस्तुत निबंधाचा मुख्य प्रश्न आहे. ‘तेथील लोक पोर्तुगीजांचे वंशज आहेत’ असे त्याचे सोपे उत्तर नेहमी दिले जाते. ते उत्तर अपुरे आहे. बोलीच्या टिकण्याचे कारण रक्तसंबंधापेक्षा ग्रामीण चर्चच्या संस्थात्मक जीवनात आणि कोकणच्या जातिबद्ध समाजरचनेत शोधावे लागते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) कोर्लईच्या ख्रिस्ती समाजाच्या उद्गमाची ऐतिहासिक पार्श्वभूमी स्पष्ट करणे, (२) १७४० नंतर चर्चने या समाजाच्या व त्याच्या बोलीच्या जीवनात बजावलेल्या भूमिकेची चर्चा करणे, (३) याच किनारपट्टीवरील इतर अल्पसंख्य समाजांशी तुलना करून कोर्लईचे वेगळेपण निश्चित करणे. विवेचनासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८३ मधील कुलाबा-जंजिरा खंड, सेबास्तियाँव रोदोल्फो दाल्गादो यांचा १९०६ मधील अभ्यास आणि जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांचा १९९६ मधील ग्रंथ यांचा प्रामुख्याने आधार घेतला आहे.

चौल : बंदर, तटबंदी आणि ख्रिस्ती वस्ती

कोर्लईचा इतिहास खाडीपलीकडील चौलपासून सुरू होतो. चौल हे पश्चिम किनाऱ्यावरील अतिप्राचीन बंदरांपैकी एक. टॉलेमीने त्याचा सिमुल्ल म्हणून उल्लेख केला आहे, तर दहाव्या शतकाच्या प्रारंभी येथे आलेल्या अल मसूदीने सैमूर या नावाने त्याचे वर्णन केले आहे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात रशियन प्रवासी अफनासी निकितीन येथेच उतरला होता. १५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्त व गुजरातच्या संयुक्त आरमाराशी पोर्तुगीजांची लढाई झाली आणि तीत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा पुत्र लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. तथापि पुढील काळात अहमदनगरच्या निजामशाहीकडून पोर्तुगीजांनी येथे वखारीची आणि नंतर तटबंदीची परवानगी मिळविली. १५२१ मध्ये काम सुरू होऊन १५२४ पर्यंत रेवदंड्याचा किल्ला उभा राहिला.

किल्ल्याच्या आत जे शहर वसले ते केवळ लष्करी ठाणे नव्हते. फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट व ऑगस्टिनियन या संघांची चर्चे आणि मठ तेथे होते. रेवदंड्यातील ‘सातखणी’ या नावाने परिचित असलेला मनोरा हा त्यांतीलच एका वास्तूचा अवशेष होय. या शहरात पोर्तुगालमधून आलेले सैनिक व व्यापारी होते, त्यांच्याशी विवाह केलेल्या स्थानिक स्त्रिया होत्या, आफ्रिकेतून व अन्यत्रहून आणलेले गुलाम होते आणि बाप्तिस्मा घेतलेले स्थानिक श्रमिकही होते. घरकाम, बंदरातील हमाली, शिपाईगिरी आणि उपासना या चार ठिकाणी या सर्वांचा परस्परांशी रोज संबंध येई. अशा संबंधांतून सोळाव्या शतकात व्यवहाराची सोपी पोर्तुगीज तयार झाली आणि पुढील पिढ्यांची ती मातृभाषा बनली. चौलपुरती ही घटना मर्यादित नव्हती. दमण, दीव, वसई, मुंबई अशा ‘उत्तर प्रांता’तील ठिकाणी तिच्या भगिनी-बोली नांदत होत्या. दाल्गादो यांनी आपल्या अभ्यासात या सर्वांचा ‘उत्तरेची बोली’ म्हणून एकत्र विचार केला आहे.

चौलसमोरील डोंगरसोंडेवर १५९२ मध्ये दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने किल्ला बांधण्यास प्रारंभ केला. त्यामुळे चौलचे बंदर थेट तोफेच्या माऱ्यात येत होते. १५९४ च्या सप्टेंबरमध्ये पोर्तुगीजांनी हल्ला करून तो किल्ला जिंकला. पोर्तुगीज कागदपत्रांत ‘मोरो’, म्हणजे टेकडी, या नावाने येणारा किल्ला तो हाच. या घटनेपासून खाडीच्या दोन्ही बाजू एका सत्तेखाली आल्या आणि कोर्लईच्या पायथ्याच्या वस्तीचा चौलच्या ख्रिस्ती शहराशी निकटचा संबंध जडला.

सत्तांतर आणि मागे राहिलेले लोक

१६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या सैन्याने चौलला वेढा घातला होता. निर्णायक घडामोडी मात्र चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेने घडून आल्या. १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली आणि पुढच्याच वर्षी झालेल्या तहान्वये चौल व मोरो ही दोन्ही स्थाने मराठ्यांकडे आली.

या सत्तांतराचा परिणाम सर्व ख्रिस्ती लोकांवर सारखा झाला नाही, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. ज्यांच्याकडे पैसा, जहाज किंवा सरकारी हुद्दा होता असे पोर्तुगीज व प्रतिष्ठित मिश्रवंशीय लोक गोव्याकडे निघून गेले. ज्यांना जाण्यासाठी साधन नव्हते आणि गोव्यात ज्यांचे कोणी नव्हते, ते राहिले. क्लेमेंट्स यांच्या मांडणीनुसार कोर्लईच्या आजच्या समाजाचा मूळ गाभा अशा गरीब लोकांचा असून त्यांत खालच्या मानल्या गेलेल्या जातींतून धर्मांतरित झालेल्यांचा भरणा मोठा होता. हे मत ग्राह्य धरल्यास ‘पोर्तुगीजांचे वंशज’ या प्रचलित कल्पनेला बाध येतो. ज्यांच्या अंगी पोर्तुगीज रक्त अधिक होते, त्यांनी स्थलांतर केले. ज्यांनी बोली जपली, ते प्रामुख्याने याच मातीतील कष्टकरी होते.

मागे राहिलेल्या या समाजाची स्थिती दुहेरी विलगतेची होती. ख्रिस्ती असल्यामुळे गावातील हिंदू व मुस्लिम समाजांशी त्यांचा रोटीबेटी व्यवहार नव्हता. दुसरीकडे, धर्मांतरानंतरही जातीची जाणीव मिटत नसल्याने उच्च जातींतील कॅथलिकांशीही त्यांची सोयरीक होत नसे. साहजिकच विवाहसंबंध गावातल्या गावात राहिले. भौगोलिक परिस्थितीने त्यात भर घातली. समोर खाडी आणि मागे डोंगर असल्याने रेवदंड्याच्या बाजाराला जायचे तरी होडीनेच. शेती, भाजीपाला आणि मजुरी यांवर गुजराण करणाऱ्या या कुटुंबांना दूर जाण्याचे प्रसंगही थोडेच येत. आई आणि बाप दोघेही एकच बोली बोलणारे असल्याने मुलांच्या तोंडी दुसरी भाषा पहिली म्हणून येण्याचे कारणच नव्हते.

चर्च : समाजाची एकमेव संस्था

केवळ विलगतेमुळे भाषा टिकते असे मात्र म्हणता येत नाही. विलग समाजाला एकत्र ठेवणारी काहीतरी व्यवस्था असावी लागते. कोर्लईत ती व्यवस्था चर्चने पुरविली.

राज्य गेले, तरी पोर्तुगालच्या राजाला पोपकडून मिळालेला धार्मिक आश्रयदात्याचा अधिकार, ज्यास ‘पाद्रोआदो’ म्हणतात, तो गेला नाही. या अधिकारान्वये ब्रिटिश हिंदुस्थानातील अनेक चर्चांत गोव्याच्या परंपरेतील धर्मगुरू नेमले जात. १८८६ च्या करारानंतर पाद्रोआदोच्या उत्तरेकडील चर्चांसाठी दमणचा धर्मप्रांत निर्माण करण्यात आला. १९२८ मध्ये तो मुंबईच्या महाधर्मप्रांतात विलीन झाला आणि त्यानंतर काही काळ मुंबईच्या आर्चबिशपपदी आळीपाळीने पोर्तुगीज व ब्रिटिश व्यक्तीची नेमणूक करण्याचे ठरले. रोम, लिस्बन व लंडन यांच्यातील या वाटाघाटींचा एका कोकणी खेड्याशी संबंध काय, असा प्रश्न पडेल. संबंध असा की, या व्यवस्थेमुळे कोर्लईच्या चर्चमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पोर्तुगीज जाणणारे धर्मगुरू येत राहिले. मिस्सा लॅटिनमध्ये होत असला तरी प्रवचन, प्रार्थना, धर्मशिक्षण आणि पापनिवेदन यांसाठी धर्मगुरूंना व गावकऱ्यांना जोडणारी भाषा पोर्तुगीज होती. गावाची बोली आणि धर्मगुरूंची पोर्तुगीज यांत अंतर होते, परंतु परस्परांना समजण्याइतके साम्यही होते. त्यामुळे गावाची बोली ही ‘धर्माची भाषा’ ठरली आणि तिला प्रतिष्ठेचा आधार मिळाला.

चर्चचे कार्य रविवारच्या उपासनेपुरते नव्हते. बाप्तिस्मा, विवाह व दफन या तिन्ही प्रसंगांची नोंद चर्चच्या वहीत होई. आडनावे व नावे चर्चमधून मिळत. शेतीच्या वर्षाबरोबर चर्चचे वर्ष फिरे. १६ जुलैला, ऐन लावणीच्या दिवसांत येणारी माउंट कार्मेलच्या मातेची तिथी, पुढे नाताळ, उपवासकाळ आणि ईस्टर अशा क्रमाने समाजाचा काळ मोजला जाई. लग्नात गाणी म्हणण्याची परंपरा याच बोलीत वाढली. जात, सोयरीक, स्मृती आणि भाषा या गोष्टी अशा रीतीने एका इमारतीभोवती एकवटल्या होत्या. ‘ख्रिस्ती असणे’ आणि ‘आपली भाषा बोलणे’ यांत फरक करण्याची गावकऱ्यांना गरज वाटली नाही. किंबहुना ‘क्रिस्ती’ हे बोलीचेही नाव झाले.

एकाच किनाऱ्यावरील निरनिराळी उत्तरे

कोर्लईचे वेगळेपण तुलनेने अधिक स्पष्ट होते. याच किनाऱ्यावर शेकडो वर्षे राहणाऱ्या बेने इस्रायल समाजाने शब्बाथ पाळणे, सुंता आणि आहाराचे काही नियम यांच्या आधारे आपला धर्म राखला. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ते ‘शनवार तेली’ या नावाने ओळखले गेले. परंतु त्यांनी घरात मराठीच स्वीकारली आणि गावांवरून ‘कर’प्रत्ययान्त आडनावे घेतली. त्यांचा धर्म निराळा राहिला, भाषा भोवतालची झाली.

वसई, साष्टी व मुंबई येथील कॅथलिकांची, ज्यांनी १८८७ मध्ये स्वतःस ‘ईस्ट इंडियन’ असे नाव घेतले, त्यांची गोष्ट याहून निराळी आहे. पोर्तुगीज अंमल, पोर्तुगीज आडनावे आणि पाद्रोआदोची चर्चे हे सर्व त्यांच्याही वाट्याला आले होते. तथापि तेथे संपूर्ण गावे व जाती मोठ्या संख्येने धर्मांतरित झाल्या होत्या. आपापल्या जातीची मराठी बोली घेऊनच त्या चर्चमध्ये आल्या. म्हणून वसईच्या उत्तर भागातील सामवेदी ख्रिस्ती लोकांची बोली आजही मराठीच्या कुळातील आहे.

तिसरा दाखला प्रोटेस्टंट चळवळीचा. बंगालमधील श्रीरामपूर येथील बॅप्टिस्ट मिशनरी विल्यम कॅरे यांनी पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने मराठीचा अभ्यास केला आणि १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. श्रीरामपूरहून नव्या कराराचा मराठी अनुवादही छापला गेला. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मराठी मिशननेही शाळा, छापखाना व मराठी पुस्तके यांवर भर दिला. बॅप्टिस्ट व अन्य प्रोटेस्टंट मंडळ्यांची धारणा अशी की, प्रत्येकाने धर्मग्रंथ स्वतः वाचावा. साहजिकच त्यांची ग्रामीण मंडळी मराठी लेखन-वाचनाभोवती उभी राहिली आणि पुढे त्यातून रेव्हरंड ना. वा. टिळकांसारखे कवी मराठीला लाभले. कोर्लईचे चर्च याच्या अगदी उलट होते. तेथे उपासना ऐकण्याची होती, वाचण्याची नव्हती. त्यामुळे बोली टिकली, परंतु ती लिहिली गेली नाही. टिकण्याचे आणि अलिखित राहण्याचे कारण एकच होते. या वस्तुस्थितीचे परिणाम आज भोगावे लागत आहेत.

बोलीतील मराठी

‘विलगता’ या शब्दाचा येथे अतिरेकी अर्थ घेऊ नये. कोळ्यांकडून मासळी घेणे, बाजारात भाजी विकणे, सरकारदरबारी जाणे हे व्यवहार मराठीतच होत. ख्रिस्ती गावकरी पिढ्यान्‌पिढ्या द्विभाषिक होते आणि त्याचा ठसा बोलीच्या व्याकरणावर उमटला आहे. पोर्तुगीज वाक्यात क्रियापद कर्माच्या आधी येते. कोर्लईच्या बोलीत मात्र मराठीप्रमाणे ते वाक्याच्या शेवटी जाऊ लागले. ‘घर पीटरचे’ या पोर्तुगीज धाटणीऐवजी ‘पीटरचे घर’ हा मराठी क्रम रूढ झाला.

क्रियापदांची व्यवस्था याहून बोलकी आहे. पोर्तुगीजमधील क्रियापदांचे तीन वर्ग कोर्लईत राहिले. ‘काता’ म्हणजे गाणे, ‘बेबे’ म्हणजे पिणे आणि ‘इर्गी’ म्हणजे उठणे ही त्यांची उदाहरणे होत. परंतु मराठीतून आलेल्या क्रियापदांसाठी बोलीने ‘उ’कारान्त असा चौथा वर्ग नव्याने निर्माण केला. मराठी ‘लोटणे’ तेथे ‘लोटू’ होते. परभाषेतील शब्दांसाठी व्याकरणात कायमची जागा करून देणे हे दीर्घ सहवासाशिवाय घडत नाही. देवघेव उलट दिशेनेही झालीच होती. बटाटा, पाव, पगार, चावी, इस्त्री, घमेले हे शब्द मराठीने पोर्तुगीजमधून घेतले आणि आज ते परके वाटत नाहीत. म्हणून कोर्लईची बोली ही परदेशातून आलेली ठेव मानण्यापेक्षा कोकणच्या भाषिक जीवनाचाच एक भाग मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

विसाव्या शतकातील परिवर्तन

ज्या दोन आधारांवर बोली उभी होती, ते दोन्ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हलले. पहिला आधार चर्चचा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषांच्या वापराची वाट मोकळी केली. पोर्तुगीज जाणणाऱ्या धर्मगुरूंची परंपरा याच सुमारास संपत आली होती. कोर्लईत लॅटिनची जागा मराठीने घेतली. लोकांना समजेल अशा भाषेत उपासना व्हावी हा परिषदेचा हेतू होता, आणि गावकऱ्यांना मराठी समजत होती. परंतु ‘लोकभाषा’ म्हणून जी निवडली गेली ती राज्याची भाषा होती. घरातली बोली अलिखित असल्याने तिच्यात प्रार्थनापुस्तक नव्हते आणि ते तयार करावे असा विचारही पुढे आला नाही. या निर्णयाला कोणाचा दोष म्हणणे अन्यायाचे होईल, तथापि त्यामुळे बोलीची ‘धर्माची भाषा’ ही प्रतिष्ठा संपली हे मान्य करावे लागते.

दुसरा आधार विलगतेचा. मराठी शाळेने लेखन-वाचनाची भाषा निश्चित केली. १९८० च्या दशकात कुंडलिकेवर पूल झाला आणि होडीचा प्रवास संपला. १९९० च्या दशकात साळाव येथे स्पंज आयर्नचा कारखाना सुरू झाला. अलिबाग व मुंबई जवळ आली, मुलामुलींना नोकऱ्यांच्या वाटा खुल्या झाल्या आणि गावाबाहेरील कॅथलिक कुटुंबांशी सोयरिका होऊ लागल्या. सुनेची वा जावयाची मातृभाषा निराळी असली, की घरात मराठी येते आणि मुलांची पहिली भाषा बदलू शकते.

येथे इतिहासकाराने सावध राहणे आवश्यक आहे. ज्या विलगतेने बोली राखली, तिच्यात दारिद्र्य आणि जातिभेद यांचाही वाटा होता. पूल, शाळा, नोकरी आणि जातीबाहेरील विवाह यांमुळे हे जोखड सैल झाले. बोली टिकावी म्हणून गावाने पूर्वीसारखेच राहावे, अशी अपेक्षा बाहेरच्या अभ्यासकाने करणे योग्य नव्हे. प्रश्न एवढाच आहे की, जाचक विलगता संपल्यानंतरही लोकांना हवी असल्यास बोली जपण्याची साधने त्यांच्या हाती असतील किंवा नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) कोर्लईची बोली पोर्तुगीज सत्तेने निर्माण होण्यास कारण दिले असले, तरी ती टिकविली ती सत्ता गेल्यानंतर मागे राहिलेल्या कष्टकरी ख्रिस्ती समाजाने. रक्तसंबंधाच्या कल्पनेने तिचे स्पष्टीकरण होत नाही.

(२) धर्म व जात यांमुळे आलेली दुहेरी विलगता आणि पाद्रोआदो परंपरेतील ग्रामीण चर्च या दोहोंच्या संयोगाने बोलीला आधार दिला. यांपैकी एकच घटक असता तर वसईप्रमाणे किंवा बेने इस्रायल समाजाप्रमाणे निराळा परिणाम दिसला असता.

(३) चर्चने बोलीला प्रतिष्ठा दिली, लिपी दिली नाही. म्हणूनच उपासनेची भाषा बदलताच तिचा सार्वजनिक वापर आकसला.

(४) बोलीच्या व्याकरणावरील मराठीचा प्रभाव पाहता कोर्लईचा समाज कोकणच्या इतिहासाबाहेरचा नसून त्याच्या आतला आहे.

या शेवटच्या निष्कर्षातून एक कर्तव्यही निघते. रायगड जिल्ह्याचा इतिहास शिकविताना कोर्लईचा किल्ला सांगितला जातो, परंतु त्याच्या पायथ्याशी नांदणारा समाज बहुधा वगळला जातो. या बोलीचे जे मोलाचे अभ्यास झाले ते पोर्तुगीज व इंग्रजी भाषांत आणि मुख्यतः परदेशी विद्यापीठांतून झाले. बाप्तिस्मा व विवाहाच्या नोंदवह्या, वृद्धांच्या आठवणी, लग्नातील गाणी आणि शेती-मासेमारीची शब्दसंपदा यांचे संकलन गावकऱ्यांच्या संमतीने व सहभागाने करणे हे किनाऱ्यावरील महाविद्यालयांच्या इतिहास व मराठी विभागांना सहज शक्य आहे. देवनागरी लिपीत त्या बोलीचा एक लहानसा शब्दकोश तयार झाला, तरी ‘आपली भाषा’ म्हणणाऱ्यांच्या पुढच्या पिढीला ती वाचता येईल. जे काम चर्चकडून झाले नाही आणि राज्याकडूनही झाले नाही, ते शेजारच्या महाविद्यालयांनी हाती घेणे उचित ठरेल.